पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी हिसका का देते?

निशिगंधा | ४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय वर्षे ४७, उंची पाच फूट एक इंच, लायसन्स सप्टेंबरात हातात आलं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकवीस दिवस काढले, आरटीओची टेस्ट पहिल्या खेपेला पास, त्यामुळे मनातल्या मनात मी ड्रायव्हर झालेच होते. मग घरची गाडी हातात घेतली (पेट्रोल, पाच गिअर, नवऱ्याने दहा वर्षं चालवलेली) आणि सगळा माज उतरला.

पहिल्यातून दुसरा टाकला की गाडी असा काही हिसका देते की मागे बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवरची पिशवी खाली. त्या एरवी काही बोलत नाहीत. परवा म्हणाल्या, "आमच्या माहेरची बैलगाडी बरी होती गं." तिसऱ्या-चौथ्याला एवढं होत नाही. तिसऱ्यातून परत दुसऱ्यात येताना मात्र पुन्हा तेच. आणि अधूनमधून गिअर टाकताना करकर आवाज येतो, तो ऐकला की नवऱ्याचा चेहरा दाढ काढायला बसल्यासारखा होतो.

घरातले सल्ले: नवरा म्हणतो, क्लच हळू सोड. मुलगा म्हणतो, आई क्लचवर पाय ठेवून बसू नकोस, प्लेट जळेल. आता दोघंही बरोबर असतील तर मी नक्की काय करायचं? शिवाय आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. त्याचा चढ हा स्वतंत्र अध्याय आहे, तो नंतर लिहिते.

टकाटक | ४ नोव्हेंबर, रात्री ९.५२

ऑटोमॅटिक घ्या. धागा संपला.

निशिगंधा | ४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

टकाटक, पैसे पाठवा, उद्याच घेते :)

नटबोल्ट | ४ नोव्हेंबर, रात्री ११.१५

आधी एक प्रश्न. हिसका बसतो तेव्हा सासूबाईंची मान पुढे जाते की मागे?

चेष्टा करत नाही. मान पुढे गेली म्हणजे गाडी अचानक अडली. तुम्ही क्लच सोडला तेव्हा इंजिन हवं त्यापेक्षा हळू फिरत होतं, चाकांनी त्याला ओढून वर नेलं आणि त्यात गाडीचा वेग खाल्ला गेला. मान मागे गेली म्हणजे इंजिन जास्त जोरात फिरत होतं आणि त्याने गाडीला ढकललं. दोन्हींना आपण हिसकाच म्हणतो, पण दोन्हींचा इलाज उलटा आहे.

आता पहिल्या-दुसऱ्यातच जास्त का, ते सांगतो. छोट्या पाच गिअरच्या पेट्रोल गाड्यांत पहिल्या गिअरचं गुणोत्तर (म्हणजे गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात) साधारण साडेतीनच्या पुढेमागे असतं, दुसऱ्याचं १.९, तिसऱ्याचं १.३ च्या आसपास. म्हणजे पहिल्यात २५०० आरपीएमवर (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे; वेग ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर) तुम्ही दुसरा टाकलात, तर त्याच वेगाला इंजिन १३५० च्या जवळपास फिरायला हवं. जवळजवळ निम्म्यावर. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना २५०० चे १७०० होतात, पुढे फरक आणखी कमी कमी होत जातो. सगळ्यात मोठी पायरी पहिलीच आहे. म्हणून तिथे पाय चुकला की लगेच कळतं आणि चौथ्या-पाचव्यात तीच चूक खपून जाते.

क्लच म्हणजे काही दिव्याचं बटण नव्हे. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील, म्हणजे एक जड चकती, फिरतंय, त्याला क्लच प्लेट दाबून धरलेली आहे. पायाने पेडल दाबलं की प्लेट सुटते, सोडलं की पुन्हा चिकटते. दोन्हींचे वेग वेगळे असतील तर चिकटताना थोडा वेळ घासूनच ते एक होणार. तो वेळ तुम्ही दिलात तर फरक प्लेट सोसते, नाही दिलात तर सासूबाई सोसतात.

थोडक्यात, पती आणि चिरंजीव दोघेही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या जागेबद्दल बोलताहेत. पेडलचा वरचा आणि खालचा प्रवास पटकन केला तरी चालतो. मधला इंचभर, जिथे प्लेट पकडायला लागते, तिथेच पाय रेंगाळायला हवा. आणि गाडी एकदा सुटली की पाय पूर्ण काढून डावीकडे जमिनीवर. क्लचवर नुसता टेकवलेला पायसुद्धा प्लेट सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला महागात पडतो.

रेवा_जोशी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मानेची खूण भारी आहे! वाचनखूण साठवली.

निशिगंधातै, तुमची कहाणी म्हणजे हुबेहूब माझी. क्लासमध्ये मी उत्तम चालवत होते. पुढे कळलं की चालवत होते सर. त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात ना? माझा पाय चुकला की ते गुपचूप सावरून घ्यायचे, वर "व्हेरी गुड मॅडम". पंधरा दिवस मला वाटत होतं की गाडी बंद न पाडणं ही माझी कमाई आहे. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले तेव्हा कर्वे रोडच्या एका सिग्नलला तीन वेळा बंद पाडली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. उतरून आला आणि म्हणाला, "ताई, दम घ्या."

घाटवाट | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

नटबोल्ट यांचं गणित बरोबरच आहे, पण गणित पायाला कळत नाही. पायाला शिकवायचा एकच रस्ता मला माहीत आहे. तीन जणांना याच रस्त्याने शिकवलंय, त्यात एक माझी बायको आणि आम्ही अजून एकत्र आहोत.

रविवारी सकाळी मोकळं, सपाट मैदान किंवा बंद पडलेल्या कंपनीमागचा रस्ता गाठा. ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. पहिला गिअर, हँडब्रेक खाली, क्लच पूर्ण दाबलेला. टाच जमिनीला टेकवून पाय मिलिमीटर-मिलिमीटरने वर घ्या. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेटचं नाक किंचित उचललं जातं, गाडी सरकते. तिथेच थांबा. पूर्ण सोडायचा नाही, परत दाबायचाही नाही, तिथेच एक-दोन सेकंद धरायचा, मग सावकाश सोडून द्यायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या (ज्यात इंधन किती सोडायचं ते संगणक ठरवतो) सपाटीवर नुसत्या क्लचवर ताशी पाच-सहाने चालू लागतात, कारण इंजिन दमतंय असं वाटलं की संगणक आपणहून इंधन वाढवतो. थांबवा, पुन्हा तेच. वीस वेळा. तीस वेळा. कंटाळा येईपर्यंत. मध्ये दहा मिनिटं गाडी उभी करून चहा प्या म्हणजे प्लेटही निवते.

हे जमलं की मग दुसरा. पहिल्यात फार ताणायचं नाही. गाडी चालू लागली, दोन-तीन गाड्यांएवढं अंतर गेली, वेग दहा-पंधरा झाला की ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा, गिअर खाली ओढा, मनात "एक" म्हणा आणि मधल्या इंचावर पाय थबकवा. तो "एक" महत्त्वाचा. तेवढ्यात आरपीएम खाली येतात. नवीन शिकणारे घाबरून हे सगळं झटक्यात उरकतात, जणू न्यूट्रलमध्ये गाडीला कोणी दंड करणार आहे.

आणि गिअरचा दांडा मुठीत आवळू नका. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना तळहात डावीकडे, किंचित स्वतःपासून लांब ढकलत सरळ खाली. दुसऱ्यातून तिसऱ्यात तर नुसता वर सोडून द्यायचा, न्यूट्रलला स्प्रिंग त्याला आपोआप मध्यावर आणते. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय.

लेस्टरचा_मंदार | ५ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

टकाटकसाठी: इथे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं. म्हणून पंधरा वर्षं पुण्यात गाडी चालवूनही मी चाळिशीत परत क्लचचे धडे घेतले. शिक्षिकेने पहिल्याच दिवशी माझी एक सवय मोडली. सिग्नल दिसला की मी चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असं पायऱ्या उतरत यायचो. ती म्हणाली, वेग कमी करायला ब्रेक आहे की. ब्रेकने वेग उतरव आणि मग जो गिअर हवा तो थेट टाक, चौथ्यातून सरळ दुसरा टाकलास तरी चालतं. निम्मे गिअर बदलच कमी झाले, तर हिसकेही निम्मे.

अवांतर: गेल्या वर्षी जर्मनीत गाडी भाड्याने घेतली. तिथे गिअर उजव्या हाताला. दोन दिवस प्रत्येक गिअरला माझा डावा हात दारावर आपटत होता. पेडल मात्र तीच, त्याच क्रमाने, त्यामुळे पाय एकदाही चुकला नाही.

निशिगंधा | ६ नोव्हेंबर, रात्री ८.२०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. नटबोल्ट, सासूबाईंना प्रयोगाला बसवलं. त्यांचा अहवाल: "आधी मागे, मग पुढे." आता?

नटबोल्ट | ६ नोव्हेंबर, रात्री ९.००

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, निरीक्षण पक्कं आहे. याचा अर्थ दोन चुका एकामागोमाग होताहेत. क्लच सोडताना तुमचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरच आहे, म्हणून आधी ढकलली जाते. त्या धक्क्याने तुम्ही दचकता, ॲक्सिलरेटर एकदम सोडता, म्हणून लगेच अडते. आधी डावा पाय सुधारा, उजवा आपोआप शांत होईल.

बीएस ६ (नव्या, कडक प्रदूषण नियमांच्या) गाड्या घेतलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. त्यातल्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम क्षणभर वरच रेंगाळतात, धूर काबूत ठेवण्यासाठी ते तसं बसवलेलं असतं. जुन्या गाडीच्या सवयीने घाईत गिअर टाकला की मान मागे. तुमची गाडी दहा वर्षांची, तिथे हे दुखणं नसावं.

अण्णा_निवृत्त | ६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

मी लिहिणारातला माणूस नाही, नातू टाइप करून देतोय. एसटीत २९ वर्षं स्टेअरिंग धरलं.

आम्ही भरती झालो तेव्हा कित्येक गाड्यांना सिंक्रो नव्हता. डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, पुन्हा दाबून पुढचा गिअर. वरचा टाकायचा असेल तर मध्ये आवाज खाली बसायची वाट बघायची, खालचा टाकायचा तर मध्ये थोडी रेस द्यायची. चुकलं की गिअर असा ओरडायचा की मागचे पॅसेंजर जागे व्हायचे. मीटर बघून कोण चालवणार? रात्री मीटरचा दिवा लागला तर लागला. कानावर चालायचं सगळं. आवाज कुठल्या पट्टीला आला की दांडा लोण्यासारखा जातो, ते आपोआप कळायला लागतं. पुढेपुढे तर क्लच न दाबता गिअर टाकणारे पण होते, पण ते करू नका.

ताईंना एकच सांगणं. गाणी बंद, काच थोडी खाली, आणि गाडीचं ऐका. इंजिन घुसमटल्यासारखं धडधडलं तर गिअर वरचा आहे, खालचा मागतंय. किंचाळायला लागलं तर वरचा मागतंय. आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच सोडायच्या आधी उजव्या पायाने थोडीशी रेस द्या, चिमूटभर. मग हिसका नाही.

नटबोल्ट | ६ नोव्हेंबर, रात्री १०.५०

अण्णा, दंडवत. ती चिमूटभर रेस आकड्यात सांगायची तर: तिसऱ्यात ताशी तीसला इंजिन साधारण १५०० वर असतं, दुसऱ्यात त्याच वेगाला सव्वादोन हजार लागतात. मधले सातशे-साडेसातशे कोणीतरी भरून काढायचे. अण्णा उजव्या पायाने भरतात.

सिंक्रो म्हणजे गिअरबॉक्सच्या आतली पितळी कडी, ती गिअर अडकण्याआधी घासून दोन्हींचे वेग जुळवते. कॅडिलॅकने १९२८ साली ती पहिल्यांदा गाडीत आणली. त्याआधी मोटार चालवणारा प्रत्येक जण अण्णाच होता. पण कडी फक्त गिअरबॉक्सच्या आतलं जुळवते. इंजिन आणि चाकं यांचं जुळवणं अजूनही आपल्याच पायाकडे आहे.

टकाटक | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

म्हणूनच म्हणतो, एएमटी घ्या, गिअर आपोआप बदलणारी. दोन पेडल, कटकट नाही.

नटबोल्ट | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

एएमटीच्या पोटात हाच क्लच, हाच गिअरबॉक्स असतो, फक्त दाबायला यंत्राचा हात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओमधून ती आपल्याकडे पहिल्यांदा आली. स्वस्तातल्या एएमटीत पहिल्या-दुसऱ्याला प्रवासी मान डोलावतात ते कशामुळे? तीच मोठी पायरी. ती चालवणारे शहाणे लोकही गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडतात.

मधुकर_७१ | ७ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

एवढं शास्त्र कशाला? उतार आला की मी सरळ न्यूट्रल करतो. दिवे घाट पूर्ण न्यूट्रलमध्ये उतरतो. पेट्रोलही वाचतं आणि गिअरची कटकटही नाही.

घाटवाट | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.१५

मधुकरराव, हात जोडतो, हे नवीन शिकणाऱ्यांसमोर सांगू नका.

पेट्रोल वाचतं ही कार्बोरेटरच्या काळातली समजूत आहे. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडलात की संगणक इंधन जवळजवळ बंद करतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःचा प्राण टिकवायला पेट्रोल प्यावंच लागतं. म्हणजे बचत उलटीच. आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. याच्यापुढची पायरी म्हणजे उतारावर इंजिनच बंद करणारे महाभाग. त्यांचा ब्रेक बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा) दोन-तीन दाबात रिकामा होतो आणि मग पेडल दगड.

ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आमच्या वडिलांनी शिकवलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ काढून बघा, टेस्टमध्ये काय काय तपासायचं याची यादी आहे. उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येता येतं का, हे त्यात स्पष्ट आहे. चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघता येतं का, हेही आहे. प्रत्यक्षात किती जणांचं तपासलं गेलं ते इथल्या लोकांनी आपापलं आठवावं.

मधुकर_७१ | ७ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

चाळीस वर्षांत काही झालं नाही. असो.

रेवा_जोशी | ७ नोव्हेंबर, दुपारी १.०५

माझ्या टेस्टला चढ म्हणजे ऑफिससमोरचा स्पीडब्रेकर होता.

निशिगंधातै, एक विचारू? सीट कुठे आहे तुमची? मी पण पाच फूट दोन. गाडी नवरा चालवायचा म्हणताय म्हणून विचारते.

निशिगंधा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.१५

रेवा, तुला मिसळ लागू!

तुझं वाचून दुसऱ्या दिवशी सीटचं बघितलं. नवऱ्याची उंची पाच फूट दहा. मी सीट दोन खाचा पुढे घेत होते, तेवढं पुरे वाटायचं. प्रत्यक्षात क्लच तळापर्यंत दाबायला मला कंबर सरकवावी लागत होती. म्हणजे तो पूर्ण दाबलाच जात नव्हता आणि करकर त्याची होती. टाचही हवेत, त्यामुळे मधला इंच वगैरे सगळं लटकत्या पायाने. आता सीट आणखी पुढे, पाठीला उशी, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहतो. करकर त्या दिवसापासून बंद. दुसरी गोष्ट चपला. मी मागे पट्टा नसलेल्या जाड तळाच्या चपला घालून चालवत होते, खालचं काही कळायचंच नाही. आता गाडीत जुने कॅनव्हासचे बूट ठेवलेत.

मग घाटवाट म्हणतात तो नुसत्या क्लचचा प्रयोग. दोन रविवार, सकाळी सहाला, मुलाला शेजारी बसवून. पहिल्या रविवारी अकरा वेळा बंद पडली. (मुलाने मोजलं. मी सांगितलं नव्हतं मोजायला.) दुसऱ्या रविवारी दोनदा. तो "एक" म्हणायचा मंत्र खरंच लागू पडला. मी मोठ्याने म्हणते, मुलगा हसतो, हसू दे.

आता तळघराचा चढ. मागे कोणी असलं की माझे हात गार पडतात. गाडी चार बोटं तरी मागे येतेच आणि वरच्या टोकाला नेमका वॉचमन हात दाखवून थांबवतो.

घाटवाट | १६ नोव्हेंबर, रात्री १०.००

हँडब्रेक. लाजू नका. चढावर थांबलात की हँडब्रेक वर. निघताना पहिला गिअर, थोडी रेस, सपाटीपेक्षा जास्त, आवाज गुरगुरता ठेवा. क्लच त्या इंचावर आणा. गाडीचं नाक उचललं गेलं, मागचा भाग बसल्यासारखा वाटला की हँडब्रेकचं बटण दाबून खाली. गाडी मागे येणारच नाही, कारण सोडायच्या आधीच तुम्ही तिला पकडलेलं असतं.

हाफ क्लचवर चढाला गाडी तोलून धरणारे शूर वीर शेजारी भेटतील. दिसायला छान दिसतं. तो जळका वास येतो ना उग्र, तो त्यांच्या प्लेटचा असतो.

निशिगंधा | ८ डिसेंबर, रात्री ८.५०

काल साताऱ्याला जाऊन आले, मी चालवत. जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला, बोगदा काय तो परतीच्या वाटेला होता. तिसऱ्यात चढत होते, पुढे उसाचा ट्रक आला, आवाज घुसमटला, अण्णांची चिमूट आठवली, दुसरा टाकला. मान ना पुढे ना मागे. दुसऱ्या वळणावर ट्रक उभाच राहिला आणि मी घाबरून गाडी बंद पाडली, तेही सांगते. हँडब्रेक, पहिला, गुरगुर, निघाले. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्यातच होते, मधुकरकाका रागावू नका.

खाली वेळ्याला चहाला थांबलो तेव्हा सासूबाई डोळे चोळत म्हणाल्या, "घाट यायचाय ना अजून?"

अण्णा_निवृत्त | ८ डिसेंबर, रात्री ९.३०

पॅसेंजर घाटात झोपला म्हणजे गाडी नीट चालली. नातू म्हणतो याला लाइक असतं, ते दिलंय.

टकाटक | ८ डिसेंबर, रात्री ९.४५

अभिनंदन ताई. एक प्रामाणिक प्रश्न, इतरांना सांगू नका. बायकोने मॅन्युअल बुक केली आहे. आमच्या इथे मोकळं मैदान नाही. तो नुसत्या क्लचचा प्रयोग मॉलच्या पार्किंगमध्ये पहाटे केला तर सिक्युरिटीवाले हाकलतात का?